संकल्प आणि व्यवसाय

घरात सत्यनारायण असो, वास्तुशांत असो की मुलाची मुंज असो, यजमान पाटावर बसला म्हणजे गुरुजी त्याजकडून आचमन व प्राणायाम करवितात आणि मग संकल्प म्हणवून घेतात. बहुतेक यजमानांचे लक्ष त्या वेळी पाहुण्यांकडे आणि स्वयंपाकघराकडे असते. गुरुजी शब्द सांगतात, यजमान मागोमाग म्हणतो, ताम्हनात पाणी सोडले जाते आणि तेवढा भाग आटोपला असे सर्वांस वाटते. हा खेदाचा विषय आहे. मनुष्याने एखादे कार्य हाती घेताना ते कसे ठरवावे, याचा इतका नेमका पाठ गृहस्थाच्या नित्य व्यवहारात दुसरा नाही. आणि तो पाठ वर्षानुवर्षे त्याच्याच तोंडून म्हणवून घेतला जात असताही त्याच्या कानावरून निघून जातो.

त्या संकल्पात काय असते ते पाहावे. प्रथम काळाचा उच्चार होतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून प्रारंभ करून कल्प, मन्वंतर, युग असे उतरत उतरत तो आजचा संवत्सर, आजचा मास, आजची तिथी आणि आजचा वार येथवर येतो. पाठोपाठ देशाचा उच्चार होतो. गोदावरीच्या दक्षिण तीरी राहणारा तसे म्हणतो, काशीत राहणारा काशीक्षेत्राचे नाव घेतो, कावेरीकाठचा कावेरीचे घेतो. त्यानंतर गोत्र आणि नाव. मग कार्याचे प्रयोजन, आणि सर्वांच्या शेवटी प्रत्यक्ष कर्म व 'करिष्ये' हे क्रियापद. म्हणजे 'केव्हा तरी', 'कोठे तरी', 'कोणी तरी' या तिन्ही गोष्टींस येथे थारा नाही. विश्वाच्या अफाट काळातून मनुष्याला आणून आजच्या दिवशी, या जागी, त्याच्या स्वतःच्या नावासह उभे केले जाते आणि मग त्यास विचारले जाते की, बाबा, तू करणार काय?

या वाक्याच्या रचनेत एक मर्म आहे. प्रयोजन तेथे 'अर्थम्' या शब्दाने जोडलेले असते: कुटुंबाच्या क्षेमाकरिता, रोगनिवृत्तीकरिता, ईश्वरप्रीतीकरिता. परंतु 'करिष्ये' या क्रियापदाचे कर्म ते प्रयोजन नव्हे. यजमान 'पूजा करीन' असे म्हणतो. 'क्षेम करीन' असे म्हणत नाही. फळाचा उल्लेख आहे, तो लपविलेला नाही, त्याची लाजही बाळगलेली नाही. तथापि वचन दिले जाते ते केवळ कर्माविषयी. शिवाय हे क्रियापद आत्मनेपदी आहे. ज्या क्रियेचे फळ कर्त्याकडेच जावयाचे तेथे या धातूचे आत्मनेपद होते, असा पाणिनीचा नियम आहे. दुसऱ्याकरिता कर्म करणारा ऋत्विज 'करिष्यामि' म्हणेल, यजमान 'करिष्ये' म्हणेल. तेव्हा फळ कोणाचे हे व्याकरणाने सांगून ठेवले आहे, आणि आपल्या हाती काय हे वाक्यरचनेने. एवढा विवेक ज्याने ओळखला त्याचा अर्धा मार्ग सरला असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे गीतेच्या अभ्यासकास एक शंका येते, आणि ती येणे योग्यच आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान्याचे सर्व उद्योग काम आणि संकल्प यांनी रहित असतात असे सांगितले आहे. सहाव्या अध्यायात तर संकल्पाचा त्याग केल्यावाचून कोणीही योगी होत नाही इतक्या स्पष्ट शब्दांत निषेध आहे. मग गृहस्थाने काही ठरवावयाचेच नाही काय? मुलीचे लग्न, डोक्यावरील कर्ज, राहते घर, अर्धवट राहिलेला अभ्यास, सुटत नसलेले व्यसन, यांपैकी कशाविषयीच निश्चय करू नये, असा गीतेचा उपदेश आहे काय? असा अर्थ घेणारे लोक आहेत. काहींस तो आळसाला सोयीचा म्हणून आवडतो, आणि काहीजण याच अर्थामुळे गीता ही संसारी माणसाच्या उपयोगाची नाही असे म्हणून ती बाजूस ठेवतात. दोघांचीही हानी होते.

ही अडचण मुळात शब्दाची आहे. संस्कृत आणि मराठी यांत रूप एकच पण अर्थ निराळे झालेले असे पुष्कळ शब्द आहेत. त्यांत 'संकल्प' आणि 'व्यवसाय' ही जोडी भाषांतरकाराची विशेष परीक्षा पाहते. मराठीत संकल्प म्हणजे निश्चय. गीतेत मात्र तो शब्द फळाविषयीच्या कल्पनेकरिता आला आहे. श्रीशंकराचार्यांनी सहाव्या अध्यायावरील भाष्यात तो फलविषयकच घेतला आहे. मिळाले तर काय काय करीन, लोक काय म्हणतील, शेजारी कसा पाहत राहील, ही जी मनातल्या मनात चाललेली रचना ती या अर्थाने संकल्प होय. उलट मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा, उपजीविकेचे काम. गीतेत व्यवसाय म्हणजे निश्चय. दुसऱ्या अध्यायात जी व्यवसायात्मिका बुद्धी एकच असते म्हणून वर्णिली आहे ती धंदेवाईक बुद्धी नव्हे, ती निश्चय करणारी बुद्धी होय. आणि ज्यांच्यापाशी ती नाही त्यांच्या बुद्धीला अनंत फाटे फुटतात असे लगेच सांगितले आहे. तेव्हा गीता ज्याचा त्याग सांगते तो मराठी माणसाचा संकल्प नव्हे, आणि गीता ज्याची प्रशंसा करते तो मराठी माणसाचा व्यवसाय नव्हे. दोन शब्दांची अशी अदलाबदल झाल्यावर वाचकाचा गोंधळ होईल यात नवल काय?

आणखी एक मौज पाहावी. मराठीत 'संकल्प सोडला' म्हणजे संकल्प केला असा अर्थ होतो, कारण तो पाणी सोडून करावयाचा असतो. आणि 'त्या वस्तूवर पाणी सोडले' म्हणजे तिच्यावरील हक्क टाकला असा अर्थ होतो. निश्चय करावयाचा तोही पाणी सोडून आणि त्याग करावयाचा तोही पाणी सोडूनच. ताम्हनात पडणाऱ्या एकाच पळीभर पाण्यात कर्माचा निश्चय आणि फळाचा त्याग हे दोन्ही आले, असे कोणी म्हटले तर ती केवळ शब्दांची कसरत ठरू नये.

आता प्रश्न असा की, निश्चय करण्यापूर्वी विचार कोणता करावा. यासाठी अठराव्या अध्यायातील तामस कर्माचे लक्षण उलट बाजूने वाचावे. सात्त्विक कर्माचे वर्णन सर्वांच्या मुखी असते, तामसाकडे कोणी फारसे वळत नाही. परंतु व्यवहारदृष्ट्या तेच अधिक उपयोगी आहे. चार गोष्टी न पाहता मोहाने जे आरंभिले जाते ते तामस, असे तेथे म्हटले आहे. त्या चार गोष्टी म्हणजे अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. अनुबंध म्हणजे कर्मापाठोपाठ जे बांधून येते ते. क्षय म्हणजे त्यात होणारा शक्तीचा आणि द्रव्याचा व्यय. हिंसा म्हणजे दुसऱ्यास होणारी पीडा. पौरुष म्हणजे आपली स्वतःची पात्रता.

पाच वर्षांत स्वतःचे घर बांधावयाचे असे एखाद्या नोकरदार गृहस्थाने ठरविले असे समजू. पैशाचा हिशेब तो करतोच. तेवढा क्षय त्यास दिसतो. परंतु शक्तीचाही क्षय असतो, आणि तो वहीत मांडला जात नाही. नोकरी आटोपल्यावर तो जोडकाम धरील, रात्री उशिरा घरी येईल. पाच वर्षांनी घर उभे राहील तेव्हा त्याचा देह कोणत्या अवस्थेत असेल याचा आकडा त्याने काढलेला नसतो. अनुबंध तर घर झाल्यावरच सुरू होतो. कर्जाचे हप्ते पंधरावीस वर्षे चालतील, आणि त्या मुदतीत नोकरीत अपमान झाला तरी ती सोडता येणार नाही. ज्याने हे आधी पाहिले आणि तरी निश्चय केला, त्यास तो हप्ता जाच वाटत नाही. ज्याने पाहिले नाही, त्यास घर मिळूनही सुख मिळत नाही.

या चारांत अत्यंत दुर्लक्षित अशी गोष्ट हिंसा होय. हिंसा म्हटली की रक्तपात डोळ्यांपुढे येतो, आणि आपण तसले काही करीत नाही म्हणून गृहस्थ निश्चिंत राहतो. पण कर्त्या पुरुषाचे प्रत्येक मोठे ध्येय घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमांवर उभे असते. त्याने पहाटे उठून अभ्यास करावयाचे ठरविले तर त्याच्या आधी उठून चूल पेटविणारी, अथवा आता शेगडी लावणारी, कोणी असते. त्याने घरासाठी पै-पै वाचवावयाची ठरविली तर म्हाताऱ्या आईचे डोळ्यांचे औषध पुढच्या महिन्यावर जाते आणि ती ते कोणास सांगत नाही. मुलगा शाळेच्या सहलीस जात नाही. 'मला जावयाचेच नव्हते' म्हणतो. ही सारी पीडा मुकी असते, म्हणूनच ती आधी पाहावी असा शास्त्राचा आग्रह आहे. ज्यांच्या श्रमांवर आपला निश्चय पार पडावयाचा त्यांस तो निश्चय ठाऊक तरी आहे काय, त्यांची त्यास संमती आहे काय, एवढे विचारले तरी पुष्कळ कर्मे तामसाच्या पंक्तीतून उठतील. धार्मिक कृत्यांत पत्नी यजमानाच्या शेजारी बसते ती शोभेकरिता बसत नाही.

पौरुषाविषयी दोन बाजूंनी चूक होते. आपली शक्ती अधिक समजणारे पुष्कळ आहेत आणि त्यांस जग लवकरच शिकविते. पण कमी समजणाऱ्यास शिकविणारे कोणी भेटत नाही. अर्जुनाचे भाग्य म्हणून त्यास सारथी तसा लाभला. याच अध्यायाच्या शेवटाकडे भगवान् अर्जुनास सांगतात की, मी लढणार नाही असा जो तुझा व्यवसाय तो मिथ्या आहे, तुझी प्रकृतीच तुला कामास लावील. येथे 'व्यवसाय' हाच शब्द आहे हे ध्यानात घ्यावे. निश्चय दृढ असणे पुरेसे नाही. तो स्वभावाच्या विरुद्ध असेल तर त्याची दृढताही फुकट जाते. शेजाऱ्याच्या मुलाने अमुक परीक्षा दिली म्हणून आपल्यानेही द्यावी, या निश्चयात पौरुषाचा विचार कोठेच झालेला नसतो.

मुलांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगावयाचे. 'माझा मुलगा डॉक्टर होईल' असा निश्चय पुष्कळ पिते करतात. त्या वाक्यात क्रियापदाचा कर्ता मुलगा आहे. मीमांसाशास्त्रात प्रतिनिधीचा विचार फार बारकाईने केलेला आहे. व्रीही मिळाले नाहीत तर नीवार घ्यावेत. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. परंतु यजमानाला प्रतिनिधी चालत नाही. पित्याने 'मी त्याच्या शिक्षणास पैसा कमी पडू देणार नाही, रोज रात्री तासभर त्याच्याजवळ बसेन' असे म्हणावे. तो त्याचा संकल्प झाला. डॉक्टर होण्याचा संकल्प ज्याचा त्याने करावयाचा.

निश्चय झाल्यावर तो पार कसा पाडावयाचा, याविषयी मीमांसकांनी भावनेच्या विवेचनात तीन आकांक्षा सांगितल्या आहेत. काय साधावयाचे, कशाने साधावयाचे आणि कसे साधावयाचे. स्वर्गाची इच्छा करणाऱ्यास स्वर्ग हे साध्य, याग हे साधन, आणि प्रयाजादी अंगे कोणत्या क्रमाने करावयाची ही इतिकर्तव्यता. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत विधिवाक्य पुरे झाले असे मीमांसक मानीत नाही. लोकव्यवहारात मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन मनुष्य थांबतो, आणि त्यालाच ध्येय म्हणतो. वर्षप्रतिपदेस केलेले निश्चय आषाढापर्यंत टिकत नाहीत याचे मुख्य कारण हेच. साध्य बोलून दाखविलेले असते. इतिकर्तव्यतेचे नावही काढलेले नसते.

गीता कंठस्थ करावयाची, हा या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात असलेला निश्चय उदाहरणादाखल घेऊ. श्लोक ७००. रोज दोन म्हटले तर ३५० दिवस, म्हणजे वर्षाच्या आत काम होते असा हिशेब उत्साही मनुष्य मांडतो. हा हिशेब कागदावर बरोबर आणि व्यवहारात चूक आहे. सहाव्या अध्यायाशी पोचेपर्यंत दुसरा विसरलेला असतो; मग खेद होतो, आणि सातवा कधी उघडला जात नाही. वेदपाठशाळांत असे होत नाही, कारण तेथे नव्या संथेइतकेच जुन्याच्या आवृत्तीस महत्त्व असते. गृहस्थाने आठवड्यातील पाच दिवस रोज एकच श्लोक नवा घ्यावा आणि दोन दिवस नुसती आवृत्ती करावी. मग १४० आठवडे लागतील, म्हणजे सुमारे दोन वर्षे आठ महिने. आकडा मोठा दिसतो, परंतु तो पुरा होणारा आहे. आरंभ बाराव्या किंवा पंधराव्या अध्यायापासून करण्याची जी चाल आहे तीत शहाणपण आहे; त्या दोहोंत प्रत्येकी २० श्लोक, अठरा अध्यायांत सर्वांत कमी. चार आठवड्यांत एक अध्याय तोंडी आला की पुढचा आपोआप ओढून नेतो. पहिल्या अध्यायापासून निघालेला मनुष्य ४७ श्लोक पाठ करून दुसऱ्याच्या ७२ श्लोकांपुढे उभा राहतो, आणि बहुधा तेथेच बसतो.

हे झाले साधन. इतिकर्तव्यता अजून राहिलीच. कोणत्या वेळी? स्नानानंतर, चहापूर्वी. कोठे? देवघरापुढे, रोज त्याच जागी. म्हणून कोणापुढे दाखवावयाचे? घरातील कोणी एकाने पुस्तक हाती धरून ऐकावे. प्रवासात काय? आजारात काय? सोयरसुतक, पाहुणे, मुलांच्या परीक्षा, यांत काय? या क्षुद्र वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे ज्याने आरंभीच दिली त्याचा निश्चय मोडण्याचे प्रसंग फार कमी उरतात. कारण मोडते ते नेहमी अशाच एखाद्या दिवशी, ज्याचा विचार झालेला नव्हता.

मोडण्याविषयी जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात एक विचार आहे तो गृहस्थाने अवश्य ध्यानी धरावा. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले, सर्व अंगांसह पुरे झाले पाहिजे. एक अंग राहिले तरी फळाची हमी नाही. नित्य कर्म मात्र यथाशक्ती करावयाचे असते. एखादे अंग साधले नाही तरी मुख्य कर्म सोडता येत नाही, आणि केलेले वायाही जात नाही. मनुष्य आपल्या ध्येयांस काम्याचे स्वरूप देतो. तीस दिवस अखंड चालण्याचा व्यायाम करीन असे म्हणतो. अकराव्या दिवशी पाऊस येतो, खंड पडतो, आणि बारावा दिवस कोरडा असूनही तो घरीच बसतो, कारण 'आता मोडलेच'. तेच कर्म नित्य म्हणून घेतले असते तर पावसाच्या दिवशी घरातल्या घरात शंभर पावले घालून तो मोकळा झाला असता. गीतेने आपल्या योगाविषयी जे आश्वासन दिले आहे, की येथे आरंभिलेल्याचा नाश नाही व थोडेसे आचरणही रक्षण करते, ते या दृष्टीने वाचले म्हणजे त्याचा व्यावहारिक अर्थ उघड होतो.

चालढकल करणाऱ्यास गीतेने दीर्घसूत्री असे नाव देऊन तामस कर्त्यांत बसविले आहे. त्याहून अधिक काही सांगावयास नको. आहार, विहार आणि निद्रा यांच्या प्रमाणाविषयी सहाव्या अध्यायात जे आहे तेही सर्वांस ठाऊकच आहे. जाग्रणे करून ध्येय गाठू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस मात्र ते पुनः पुनः वाचून दाखवावे.

या विवेचनास अर्वाचीन काळातील एक उदाहरण चांगले लागू पडते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० चा. ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत, म्हणजे संसारी आणि उद्योगी गृहस्थ होते. 'व्यवहारमयूख' या धर्मशास्त्रग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९२६ मध्ये निघाली. तिला जोडून धर्मशास्त्राच्या इतिहासाविषयी एक प्रास्ताविक द्यावे एवढाच मूळ मानस होता. विषय वाढत गेला, प्रास्ताविक पुस्तकात मावेना, आणि त्याचा स्वतंत्र ग्रंथ करावयाचे ठरले. 'धर्मशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० मध्ये प्रकाशित केला. दुसरा १९४१ मध्ये, तिसरा १९४६ मध्ये, चौथा १९५३ मध्ये आला. पाचव्याचा पूर्वभाग १९५८ मध्ये व उत्तरभाग १९६२ मध्ये. पृष्ठे साडेसहा हजारांहून अधिक. आरंभीच्या खंडाच्या वेळी ग्रंथकार पन्नाशीचे होते, अखेरच्या वेळी ८२ वर्षांचे.

या वर्षांकडे बारकाईने पाहावे. पहिल्या आणि दुसऱ्या खंडांमध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे. या अकरा वर्षांत बाहेरून पाहणाऱ्यास काय दिसत होते? एक वकील, आणि न निघालेला एक खंड. फळाकडेच डोळे लावून बसणारा मनुष्य इतक्या अवधीत शंभर वेळा निराश झाला असता. शिवाय ज्या ध्येयाने काम आरंभिले ते ध्येय कामाबरोबर बदलत गेले. प्रास्ताविकाचे पाच खंड झाले. हा निश्चयाचा भंग म्हणावयाचा काय? तसे मुळीच नव्हे. या विषयाचे पुरे ज्ञान वाचकापुढे ठेवावयाचे, हा व्यवसाय पहिल्या दिवशी होता तोच शेवटी होता. त्याचा आकार काय असावा ही कल्पना मात्र त्यांनी विषयाच्या स्वाधीन केली. आपण योजलेला आकारच खरा धरून बसणारे विद्वान प्रास्ताविक कसेबसे उरकतात, किंवा विषय हाताबाहेर गेला म्हणून सोडून देतात. १९६३ मध्ये त्यांस भारतरत्न हा बहुमान मिळाला. १९२६ मध्ये तो बहुमान अस्तित्वातच नव्हता. त्याची आशा धरून कोणी प्रास्ताविक लिहावयास बसणे शक्यच नव्हते.

काण्यांस समाप्ती पाहावयास मिळाली. परंतु कार्य यथासांग चालविणाऱ्या प्रत्येकास ती मिळतेच असे नाही, आणि गीतेने हे झाकून ठेवलेले नाही. कर्माच्या सिद्धीची पाच कारणे अठराव्या अध्यायात सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव पाचवे आहे; पहिले नव्हे, आणि वगळलेलेही नव्हे. केवळ प्रयत्नाने सर्व मिळते असे शिकविणारी पुस्तके बाजारात पुष्कळ असतात. ती वाचून अपयश आलेला मनुष्य अपयशाचा सारा भार स्वतःच्या माथी घेतो व खचतो. चार कारणांचा हिशेब चोख ठेवून पाचव्याबद्दल मौन बाळगणे हेच सात्त्विक कर्त्याचे लक्षण होय. धृती आणि उत्साह त्याच्यापाशी असतात, पण सिद्धी वा असिद्धी यांनी तो विकार पावत नाही.

काण्यांचा ग्रंथ ज्या संस्थेने प्रकाशित केला तिनेच महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली होती. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ मध्ये तिचे प्रमुख संपादक झाले. केंब्रिज येथे गणित शिकून मग बर्लिन येथे संस्कृताकडे वळलेले हे विद्वान होते. ग्रंथ एक लक्ष श्लोकांचा म्हणून प्रसिद्ध, पोथ्या भारताच्या सर्व प्रांतांतून आणि अनेक लिप्यांत, आणि पाठभेदांस सुमार नाही. एवढे कार्य एका आयुष्यात पुरे होणार नाही हे दिसतच होते. त्यांनी पोथ्यांचे गट कसे पाडावयाचे, कोणत्या पाठास कोणत्या कारणाने ग्राह्य मानावयाचे, संशयित पाठ कसा दाखवावयाचा, ही पद्धती प्रथम निश्चित केली आणि आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ती सविस्तर मांडली, जेणेकरून दुसऱ्या कोणासही तीवरून काम चालविता यावे. आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले, आरण्यकपर्व १९४२ मध्ये. ही दोन्ही त्यांनी स्वतः संपादिली. जानेवारी १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. बहुतेक पर्वे तेव्हा व्हावयाची होती.

त्यांच्या मागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी प्रमुख संपादकत्व स्वीकारले. ज्या भीष्मपर्वात गीता आहे ते त्यांनी १९४७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. पोथ्यांच्या तुलनेनंतर गीतेचे श्लोक तेथे ७०० च ठरले. १९६१ मध्ये ते कार्य डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्याकडे आले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांनी आवृत्ती पुरी झाल्याचे पुण्यात घोषित केले. सुखठणकरांस जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती, आणि आदिपर्वाची प्रस्तावना तोपर्यंत संपादकांच्या नित्य वापरात होती.